पाथरबोडीची साक्ष

यंत्राने उरकुडा वलथरे यांचं नाव सांगितलं, तेव्हा त्यांची लेक लोचन त्यांच्याच हातचा चहा पीत होती.

चहा गुळाचा होता आणि थर्मासचं झाकण हाच कप होता. उरकुडाबाबा एकाहत्तर वर्षांचे. रोज सकाळी लेकीच्या आधी उठून चूल पेटवायचे, थर्मास भरून तिच्या पिशवीत ठेवायचे आणि ती पाथरबोडीच्या तळ्यावरच्या चौकीत कामाला निघाली की अंगणात जाळं विणत बसायचे. निदान लोचनला तरी ते अंगणातच बसतात असं वाटत होतं. आता चौकीतल्या पडद्यावर महिन्याची यादी उघडली होती. पाणमांजर, चितळ, रानडुक्कर, बिबट, मरळ, बोटरी, दाडक या मासोळ्या, पाणकावळा. आणि सगळ्यांत खाली एक लाल ओळ: मानव, एक. उरकुडा श्रावण वलथरे, पुरुष, वाचन पहिलं.

तिने झाकण खाली ठेवलं. ओळ पुन्हा वाचली. यंत्राचं चुकलं असेल असं क्षणभरही तिच्या मनात आलं नाही, कारण यंत्र चुकत नाही हे गावोगाव सांगत फिरणारी तीच होती.

हे यंत्र काय होतं ते आधी सांगायला हवं. पाण्यात जो जो उतरतो तो मागे काहीतरी सोडून जातो. कातडीचा कण, लाळेचा थेंब, केस, खवला, लेंडी. त्या प्रत्येक कणात पेशी असतात आणि पेशीत डीएनएची माळ. चारच अक्षरांची, पण इतकी लांब की प्रत्येक जातीच्या प्राण्याची वेगळी, आणि नीट वाचली तर प्रत्येक माणसाचीही वेगळी. ही माळ पाण्यात पंधरा-वीस दिवस टिकते, मग उन्हाने आणि जिवाणूंनी तिचे तुकडे पडतात. तुकडे किती बारीक झालेत त्यावरून ती किती दिवसांची आहे हेही कळतं. पाथरबोडीच्या मधोमध भोपळ्याएवढा एक पांढरा तरंगता डबा नांगरून ठेवला होता. तो दिवसभर पाणी ओढायचा, गाळायचा, सापडलेल्या माळा सुईच्या टोकाहूनही कितीतरी बारीक भोकांतून ओवून घ्यायचा आणि प्रत्येक अक्षरागणिक वीज किंचित कमीजास्त होते त्यावरून ती अक्षरं वाचायचा. पुढे फक्त ताडून पाहायचं काम. प्राण्यांच्या माळांचा संग्रह होताच, आणि माणसांचा तर आरोग्यपत्रासाठी सक्तीने थुंकी घेतली तेव्हाच तयार झाला होता.

यंत्र आलं ते एका अर्थी बरंच झालं होतं. त्याआधी रानातल्या जनावरांची गणती माणसं करायची, आणि माणूस मचाणावर पेंगतो, साहेबाला हवा तो आकडा लिहितो, कधी चार दिडक्यांसाठी वाघाचं मांजर करतो. तेव्हा नवा जलसाक्ष कायदा आला. रानातल्या कोणत्या तळ्यात काय आहे ते आता पाणीच सांगणार. माणसाने पाहिलेलं, ऐकलेलं, शपथेवर सांगितलेलं काहीही धरायचं नाही. जलसाक्ष प्राधिकरणाने तळ्यातळ्यावर चौकी बांधली आणि चौकीवर पाटी लावली: ‘पाणी खोटं बोलत नाही’.

ज्या तळ्यात दुर्मीळ प्राण्याचं वाचन येतं आणि माणसाचं येत नाही, ते पहिल्या यादीत. तिथे जाळं नाही, गुरं नाहीत, माणसाचं पाऊलसुद्धा नाही. माणसाचं नाव तीनदा आलं, किंवा प्राण्याचं वाचन सलग तीन महिने शून्य आलं, की तळं दुसऱ्या यादीत. दुसरी यादी म्हणजे कोणाच्याही मागणीला मोकळं रान. आणि पाथरबोडीच्या पलीकडच्या टेकडीमागे एक लोखंडाची खाण सुरू झाली होती, जिला धुतलेला लाल गाळ ओतायला एक खोलगट जागा हवी होती.

पाथरबोडी वाचवायची ही लोचनची जिद्द होती. झाडीपट्टीतलं हे जुनं तळं, तिन्ही बाजूंनी साजाचं, म्हणजे ऐनाचं, रान. नवऱ्याशी काडीमोड घेऊन ती माहेरी आली त्या वर्षी तिने इथे पाणमांजराची तीन पिल्लं सपाट खडकावर एकमेकांच्या शेपट्या ओढताना पाहिली होती, आणि त्या दिवशी किती तरी महिन्यांनी तिला हसू आलं होतं. पुढे प्राधिकरणाची माणसं आली तेव्हा तिनेच गावातल्या मासेमार ढिवरांच्या चाळीस घरांना समजावलं, की मासोळी धरायला आपल्याला गावतलाव आहे, पाथरबोडी या जनावरांना सोडू. लोक सहजी ऐकणारे नव्हते. पण सगळ्यांच्या आधी उरकुडाबाबांनी अंगठा लावला आणि मग बाकीच्यांनी लावला. बी.एस्सी. झालेल्या लोचनला चौकीची जलवाचक नेमलं, आणि तिने ते काम देवाच्या दिव्यासारखं सांभाळलं.

आता त्याच दिव्यावर बापाने फुंकर मारली होती.

दुपारी ती घरी आली तेव्हा बाबा अंगणात होते, मांडीवर जाळं, दातात सूत. ते दातानेच सूत ओढून गाठ आवळायचे. दातांना त्यामुळे खाचा पडल्या होत्या. तिने उभ्या उभ्याच विचारलं.

“बाबा, तुमी पाथरबोडीत उतरता?”

“उतरतो.”

“कायले?”

“बेशरम उपटाले,” बाबा म्हणाले. चोरी कबूल करतोय असा आवाज नव्हता, दळण आणायला गेलो होतो असा होता. “तू पायलं नाही का, मांगच्या काठानं किती वाढून रायली ते? पानमांजर मासोळीच्या मांगं रायते. मासोळी चिल्याच्या मांगं. अन् चिला बेशरमच्या सावलीत मरते. माह्या बापानं उपटली, त्याच्या बापानं उपटली. आता मी नाही जाईन त कोन जाईन? तुहा डबा उपटन?”

चिला म्हणजे तळाशी वाढणारं हिरवं मऊ गवत. त्यात मासोळी अंडी घालते. आणि बेशरम ही नावाप्रमाणेच निर्लज्ज झुडपं, गुलाबी-जांभळ्या फुलांची, ज्यांना ना गुरं तोंड लावतात ना पाणी कुजवतं. दर उन्हाळ्यात पाणी उतरलं की ढिवरांनी तळ्यात उतरून ती मुळासकट काढायची आणि काठाबाहेर नेऊन झाडाला उलटी टांगायची, कारण बोटभर तुकडा जरी ओलीत पडला तरी तो पुन्हा मूळ धरतो. हे सगळं लोचनला माहीत होतं. परकर खोचून बापामागे ती स्वतः उतरलेली होती. पण कायदा लिहिणाऱ्यांना तळं म्हणजे माणसाने हात न लावलेली वस्तू वाटत होती, आणि लोचनलाही एव्हाना तसंच वाटू लागलं होतं. प्राधिकरणाच्या शिबिरांतून ती तेच शिकून आली होती.

तिने त्यांना हात जोडले. अजून दोनदा नाव आलं तर तळं खाणीत जाईल, असं परोपरीने सांगितलं. बाबांनी मान डोलावली, आणि ती समजली की ऐकलं. पुढच्या महिन्यात लाल ओळ पुन्हा आली. वाचन दुसरं.

आपलेच दात अन् आपलेच ओठ. रागाने आणि भीतीने लोचन रात्रंदिवस पेटलेली असायची. घरात बोलणं बंद झालं. बाबा चहा ठेवायचे, ती नेत नसे. शेवटी ती तालुक्याला जाऊन नेरकर साहेबांना भेटली. नेरकर हे प्राधिकरणाचे विभाग अधिकारी, तिशीतले, मऊ बोलणारे. साहेब वाईट नव्हते, हे तिने नंतरही कधी नाकारलं नाही. त्यांनी कायद्यातलं एक कलम काढून दाखवलं. जलवाचकाने स्वतः होऊन तक्रार दिली आणि त्या माणसाला वर्षभरासाठी तळ्यापासून पंधरा किलोमीटर हद्दीबाहेर ठेवायचं बंधपत्र झालं, तर आधीची दोन्ही वाचनं मोजणीतून पुसली जातात. तुरुंग नाही, दंड नाही. साहेब म्हणाले की वडील मोठ्या मुलीकडे शहरात राहतील, त्यांचाही वेळ बरा जाईल.

लोचनने सही केली. तक्रारदार: लोचन उरकुडा वलथरे. आरोपी: उरकुडा श्रावण वलथरे. एकाच कागदावर बापाचं नाव तिने दोनदा लिहिलं. पाणमांजराची पिल्लं डोळ्यांपुढे आणली की सगळं सोपं वाटायचं.

बाबांनी भांडण केलं नाही. जाळं घडी घालून पोत्यात भरलं, विणायची सुई कनवटीला लावली आणि बसथांब्यावर उभे राहिले. थोरली देवका त्यांना न्यायला आली होती. ती लोचनकडे बघतही नव्हती. बस आल्यावर पायरीवर एक पाय ठेवून बाबा वळले.

“उपटाची असन त मुळासकट उपटजो, बाई,” ते म्हणाले. “तुकडा पान्यात सोडजो नोको.”

एवढंच. बस गेली.

ते वर्ष कागदावर फार चांगलं गेलं. दर महिन्याला मानव शून्य. सहाव्या महिन्यात प्राधिकरणाने विभागातल्या सर्वांत निष्कलंक तळ्याचा सत्कार ठेवला आणि लोचनला शाल-श्रीफळ मिळालं. भाषणात एका मोठ्या साहेबांनी सांगितलं, की या भगिनीने प्रत्यक्ष पित्यालाही सोडलं नाही. टाळ्या झाल्या. लोचनला त्या टाळ्या गालांवर बसल्यासारख्या वाटल्या, पण ती हात जोडून उभी राहिली.

इकडे पाथरबोडीत बेशरम मागच्या काठावरून सरकत सरकत खडकापर्यंत आली. पहिल्यांदा तिची हिरवी पट्टी होती, मग पट्टा झाला, मग पाणी दिसायचंच कमी झालं. यंत्र झाडंझुडपंही वाचू शकत होतं, पण कायद्यात त्यांचा रकाना नव्हता. दाडक यादीतून गेली. मग बोटरी गेली. पाणमांजराचं वाचन असायचं, पण महिन्यागणिक क्षीण, आधी ठळक, मग मध्यम, मग नुसता माग. लोचनने अर्ज केला की बेशरम काढायला दहा माणसांना आठ दिवस परवानगी द्या. उत्तर आलं की पहिल्या यादीत माणूस वर्ज्य आहे, मात्र आपल्या सूचनेची दखल घेऊन यांत्रिक उपाय पाठवत आहोत.

यांत्रिक उपाय म्हणजे आपोआप चालणारी एक छोटी नाव, पुढे पाती लावलेली. ती दोन दिवस तळ्यात घरघर फिरली आणि तिने बेशरम अशी सफाईने कापली की पाणी आरशासारखं मोकळं दिसू लागलं. फोटो निघाले. कापलेले हजारो तुकडे पाण्यावर तरंगत काठाकाठाला लागले. लोचन चौकीच्या पायरीवर उभी राहून ते पाहत होती आणि तिला बसच्या पायरीवरचं बोलणं आठवत होतं. महिन्याभरात प्रत्येक तुकड्याने मूळ धरलं, आणि पाणमांजराचं वाचन शून्यावर आलं.

ती स्वतः का उतरली नाही? हा प्रश्न पुढे तिला गावाने विचारला, आणि त्याआधी तिने स्वतःलाच शंभरदा विचारला होता. उतरली असती तर तिचं नाव आलं असतं, आणि जिने बापाला त्यासाठी हाकललं तिनेच ते कसं करायचं? शिवाय ती शाल होती, नोकरी होती, शून्याची सवय झाली होती. खरं सांगायचं तर ती भ्याली. काठावर उभं राहून तिने एक अख्खं तळं मरताना पाहिलं, आणि दर महिन्याला त्याखाली सही केली.

बाबा फोनवर यायचे नाहीत. देवका सांगायची, बरे आहेत, जेवतात, दिवसभर बाल्कनीत जाळं विणतात. जाळं फाटलेलं नव्हतंच. ते चांगला भाग कापायचे आणि पुन्हा विणायचे. शहरात मासोळी कुठली धरणार, पण हात थांबत नव्हते. एकदाच त्यांनी देवकाला आपणहून विचारलं होतं, की लोचनने बेशरम काढली का. देवकाने खोटंच हो म्हणून सांगितलं होतं.

बंधपत्र संपायला महिना राहिला असताना एका दुपारी देवका ताटं वाढून बोलवायला गेली, तर बाबा भिंतीला टेकून बसलेले होते. सूत दातात तसंच होतं.

दहाव्याला सगळे जमले. विधी आटोपल्यावर देवकाने पोतं आणून लोचनच्या मांडीवर ठेवलं. त्या भागातल्या ढिवरांत माणूस गेला की त्याचं जाळं कोणी वापरत नाही, विकत नाही, जाळतही नाही. ज्या पाण्यात त्याने पहिली मासोळी धरली त्या पाण्यात ते दगड बांधून तळाशी सोडायचं. याला जाळं निजवणं म्हणतात. जाळं जागं राहिलं तर माणूसही जागा राहतो अशी समजूत. उरकुडाबाबांची पहिली मासोळी पाथरबोडीतली होती, हे चाळीस घरांना ठाऊक होतं.

“तू नाही म्हनशीन त मी जातो,” देवका म्हणाली. “माहं नाव येऊ दे तुह्या डब्यात.”

“मीच जातो,” लोचन म्हणाली.

भर दुपारी ती गेली, लपूनछपून नाही. चौकीसमोरून, पाटीखालून, पोतं डोक्यावर घेऊन. चौकी झाल्यापासून पहिल्यांदा तिचे पाय त्या पाण्याला लागले. बेशरमच्या फांद्या बाजूला सारत ती छातीइतक्या पाण्यात गेली, जाळ्याला तीन दगड बांधले आणि सोडलं. जाळं लगेच बुडालं नाही. थोडा वेळ ते पाण्याखाली पसरून तसंच राहिलं, फेकल्यावर पसरायचं तसं, आणि मग हळूहळू खाली गेलं. लोचन तिथेच उभी राहून मोठ्याने रडली. पाणमांजराची शिटी एवढ्या वेळात एकदाही आली नाही.

महिन्याचं वाचन आलं. पाणमांजर शून्य, सलग तिसऱ्या महिन्यात. मानव, दोन. लोचन उरकुडा वलथरे. उरकुडा श्रावण वलथरे.

जाळ्याच्या गाठीगाठीत वर्षभराची लाळ होती, कोरड्या सुतात न तुटता टिकलेली. दातांनी आवळलेली एकही गाठ पाण्यात सुटली नव्हती, पण प्रत्येक गाठ त्यांचं नाव सांगत होती. यंत्राने शेरा दिला: माग ठळक, ताजा, वारंवार. पाणी खोटं बोलत नव्हतं.

नेरकर साहेब स्वतः आले. चौकीत बसले, पाणी प्याले, वडिलांबद्दल वाईट वाटल्याचं म्हणाले आणि ते मनापासून म्हणाले. मग कामाचं बोलले. तळं दुसऱ्या यादीत जाणार हे ठरलंच होतं, तीन शून्यं झाली होती. प्रश्न फक्त कारणाच्या रकान्याचा होता. यंत्राने तो आपणच भरून ठेवला होता: मानवी हस्तक्षेप, उरकुडा श्रावण वलथरे. जलवाचकाने खाली सही करायची.

लोचनने सांगितलं की वडील वर्षभर इथे नव्हते, हे त्यांचं जाळं आहे, ते गेल्यावर मी सोडलंय. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“लोचनताई, मला पटतंय,” ते म्हणाले. “पण यंत्राच्या तारखेत पंधरवड्याची तफावत धरतात. वारण्याआधी ते इथे येऊन गेले असं धरता येतं. तुमचं नाव कामाच्या ओघात आलं म्हणता येईल. गेलेल्या माणसाला शिक्षा होत नाही. तुमची नोकरी राहील.”

म्हणजे असं, की पाथरबोडीतलं पाणमांजर कोणी संपवलं, तर उरकुडा वलथरेने. हे सरकारदरबारी कायमचं लिहिलं जाणार, आणि उद्या गावातलं शाळेचं पोरही ते वाचणार. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. लोचनने तो रकाना उघडला. पाथरबोडी बेशरमने मारली असं तिला लिहायचं होतं. पण लिहायची सोयच नव्हती, निवडायची होती. मानवी हस्तक्षेप, दुष्काळ, रोग. बेशरम त्या तिघांत नव्हती.

तिने मानवी हस्तक्षेप ठेवलं. बापाचं नाव खोडलं आणि तिथे आपलं घातलं. एकटीचं. नेरकर साहेब एवढंच म्हणाले की हे खोटं आहे, असं करू नका. लोचनने सही करून पडदा त्यांच्याकडे फिरवला. “खोटं कुठं आहे, साहेब,” ती म्हणाली. “उपटनारा मानूस मीच हाकलला.”

नोकरी गेली. आठ दिवसांनी दोन माणसं येऊन पांढरा डबा काढून घेऊन गेली, कारण दुसऱ्या यादीतल्या तळ्याला साक्ष लागत नाही. चौकीला कुलूप लागलं. पाटी काढायचं मात्र कोणाला सुचलं नाही.

आणि दुसऱ्या यादीत गेल्यामुळे पाथरबोडीत उतरायला आता बंदीही उरली नव्हती.

दुसऱ्याच सकाळी लोचन उतरली. पहिले पंधरा दिवस एकटीच; गावात तिच्याशी कोणी धड बोलत नव्हतं. सोळाव्या दिवशी देवका शहरातून आली, लुगडं खोचून तिच्या शेजारी उभी राहिली. मग शेजारची भागरता आली, तिची सून आली, अशा करत सात-आठ बायका झाल्या. मुळासकट उपटायचं, काठाबाहेर न्यायचं, उलटं टांगायचं. तळव्यांना फोड आले, फुटले, पुन्हा आले. तुकडा पाण्यात पडला तर लोचन बुडी मारून तो शोधून काढायची. गावतलावातून चिल्याचे जुडगे आणून त्यांनी तळाशी चिखलात रोवले. पावसाळा झाला, पाणी चढलं आणि स्वच्छ चढलं. दिवाळीपर्यंत काठाशी बोटरी दिसू लागली, मग दाडक.

कार्तिकात एका सकाळी सपाट खडकावर लोचनला लेंडी दिसली. काळी, ओली, मासोळीच्या खवल्यांनी चमचमणारी. ती खाली बसली आणि पदरात तोंड घालून हसली की रडली हे देवकालाही कळलं नाही. चौथ्या दिवशी नाल्याच्या तोंडाशी शिटी ऐकू आली. मग एक डोकं, मग दुसरं, मागे दोन पिल्लं.

तिने नेरकर साहेबांना फोन लावला. साहेबांनी उचलला, ऐकून घेतलं, त्यांचा आवाज खरोखर आनंदी झाला. मग त्यांनी विचारलं, की वाचन आहे का? वाचन कुठून असणार, लोचन म्हणाली, डबा तर तुम्हीच नेला. एक दिवसासाठी परत आणा. साहेबांनी सांगितलं की डबा फक्त पहिल्या यादीतल्या तळ्याला देता येतो, आणि पहिल्या यादीत यायला वाचन लागतं. फोटो चालणार नाही, माणसाचा डोळा तर नाहीच. तुमच्यावर माझा विश्वास आहे, असंही ते शेवटी म्हणाले. वरातीमागून घोडं यावं तशी पाणमांजरं परतली होती, आणि वरात केव्हाच खाणीच्या दारात पोचली होती.

मार्गशीर्षात खाणीचा मोजणीदार आला. बाहेरगावचा, पन्नाशीचा, सभ्य माणूस. पायांत मोठे बूट, हातात टॅबलेट, खांद्यावर लाकडी खुंट्यांची पिशवी. लोचन गुडघाभर पाण्यात होती, काखेत उपटलेल्या बेशरमचा भारा. त्याने नमस्कार केला, आपण फक्त कडा मोजणार आहोत असं सांगितलं आणि कामाला लागला.

पहिली खुंटी रोवायला तो वाकला तेव्हा सपाट खडकावर पाणमांजर चढलं. तोंडात मरळ, अजून वळवळणारी. मागून दोन्ही पिल्लं धडपडत वर आली आणि आईच्या तोंडातून मासोळी ओढू लागली. वीस हातांवर. मोजणीदार तसाच वाकलेला राहून पाहत राहिला, आणि त्याच्या चेहऱ्यावर पोरासारखं हसू आलं.

“काय आहे हो ते, ताई?”

“पाणमांजर,” लोचन म्हणाली. “अन् तिची पिल्लं.”

“वा. पहिल्यांदा पाहिलं आयुष्यात.”

त्याने टॅबलेट काढला, पाथरबोडीचं पान उघडलं, बोटाने खाली सरकवत नेलं. त्याचं हसू जरा ओसरलं. त्याने एकदा खडकाकडे पाहिलं, एकदा पानाकडे, आणि माफी मागितल्यासारखं तो म्हणाला, “इथे तर शून्य लिहिलंय. खाली सही पण आहे. लोचन वलथरे कोण?”

लोचनने काखेतला भारा दोन्ही हातांत घेतला. पिल्लांनी मरळ दुभंगून वाटून घेतली होती. मोजणीदाराने खुंटी मातीत टेकवली आणि हातोडी उचलली. पहिल्याच ठोक्याला तिन्ही पाणमांजरं पाण्यात गेली. टेप उलगडत त्याने तिला सहज विचारलं, गावातल्या कोणालाही विचारावं तसं, की ताई, जरा हे टोक धरता का?

तिच्या दोन्ही हातांत बेशरम होती. ती पाण्यात टाकता येण्यासारखी नव्हती. भारा घेऊन ती काठाबाहेर गेली, एकेक झुडूप उलटं करून साजाच्या फांदीला टांगू लागली, आणि मागे दुसऱ्या खुंटीवर हातोडी पडू लागली.